पाळी जाताना सुटणारं पोट: घरच्या घरी सुरुवात कुठून करायची

काट्यावर दोन-तीनच किलो वाढलेले दिसतात, पण ब्लाउजची आतली शिलाई उसवून उसवून संपलेली असते. हात-पाय होते तसेच, किंबहुना थोडे बारीकच झालेले, आणि पोट मात्र सुटलेलं. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बायकांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. त्यावर लगेच जो उपाय सुरू होतो तोही ठरलेला असतो: रात्रीचं जेवण बंद, भात बंद, सकाळी तासभर चालणं. महिनाभरात वजन थोडं उतरतं, मग अडतं, मग थकवा येतो, चिडचिड होते, आणि दिवाळीपर्यंत गाडी मूळपदावर.

घरकाम आणि धावपळ सोडून वेगळा व्यायाम कधीच केला नाही, अशा बाईला डोळ्यासमोर ठेवून मी हे लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे: या वयात आधी स्नायू वाचवायचे. म्हणून ताकदीचा व्यायाम आणि ताटातलं प्रथिन या दोन गोष्टी आधी घ्यायच्या, चालणं त्यांच्या जोडीला, आणि काट्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास घडतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण शरीर त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासूनच बदलायला लागतं. पाळी पुढेमागे होते, कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत परत. झोप मोडते, अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. पोट सुटायची सुरुवात याच काळात होते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं पाहणी करणारा 'स्वान' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यातून दिसलं ते असं, की शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून शरीरातली चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि त्याच सुमारास स्नायू घटायला लागतात. एक वाढतं आणि दुसरं कमी होतं, म्हणून काट्यावर फारसं काही कळत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन घटल्यामुळे चरबी साठण्याची जागाही बदलते. आधी मांड्या आणि नितंबांवर बसणारी चरबी आता पोटात, आतड्यांच्या भोवती बसते. मधुमेह आणि हृदयविकाराशी नातं आहे ते या आतल्या चरबीचं.

'माझं मेटाबॉलिझमच बसलं' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. २०२१ साली 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात सहा हजारांहून जास्त माणसांवरचा एक अभ्यास आला. शरीराचं आकारमान आणि स्नायू-चरबीचं प्रमाण हिशेबात धरलं, तर वीस ते साठ या वयात शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो, असं त्यात आढळलं. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. स्नायू घटले, हालचाल घटली, झोप बिघडली, म्हणून वजन वाढलं असेल तर या तिन्ही गोष्टींवर आपल्याला काम करता येतं.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांसाठी दोन शब्द. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हे सगळं एका रात्रीत सुरू होतं. अंडाशयं ठेवली असली तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची प्रकरणं २०१९ साली पुढे आली, तेव्हा तिशीतच शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी बायका असल्याचं सगळ्यांनी वाचलं. तुमची शस्त्रक्रिया कमी वयात झाली असेल तर 'अंडाशयं काढली की ठेवली' हे डिस्चार्जच्या कागदावर बघून घ्या आणि हाडांबद्दल डॉक्टरांशी लवकर बोला.

पहिला आठवडा: मोजा आणि तपासा, बाकी काही नको

शिवणाची टेप घ्या. सकाळी, पोट रिकामं असताना, आरशासमोर उभ्या राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. बेंबी खाली उतरलेली असू शकते, तिच्यावरून जागा ठरवू नका. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात. दुसरा सोपा हिशेब: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १५५ सेंटिमीटर असेल तर साडेसत्त्याहत्तर. आकडा जास्त आला तर घाबरून जाऊ नका. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत जवळपास ४० टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर होतं. आकडा आणि तारीख वहीत लिहा आणि पुढचं मोजमाप महिन्याने करा.

मग ताकद मोजा. भक्कम खुर्चीवर बसा, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. घरातल्या कोणालातरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. ६० ते ६४ वर्षांच्या स्त्रीला बारा वेळाही जमलं नाही तर ताकद कमी आहे असं समजतात. तुम्ही पन्नाशीत असाल तर त्याहून बऱ्यापैकी जास्त यायला हवं. हाही आकडा वहीत.

त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. रक्तदाबही बघा. थायरॉइड मंदावला असेल किंवा हिमोग्लोबिन नऊवर असेल तर व्यायामाने आणखीच गळून जायला होतं आणि बाई स्वतःला आळशी ठरवून मोकळी होते. आधी त्यावर उपचार.

आणि काही लक्षणं अशी आहेत की त्यांच्यासाठी व्यायामाच्या लेखाची नाही, डॉक्टरांची गरज आहे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, एक थेंब का असेना. पोट सतत फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, पोट वाढतंय पण भूक मरतेय असं वाटणं. जिना चढताना छातीत दडपण येणं. हे 'वयाचं आहे' म्हणून अंगावर काढू नका.

ताकदीचा व्यायाम: आठवड्यातून दोन दिवस, पंचवीस मिनिटं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, हे बहुतेकींना माहीत असतं. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितलाय, तो मात्र सगळ्या सोडून देतात. 'मी दिवसभर उभीच असते' हे खरं आहे. घरकामाने पाय दुखतात, कंबर दुखते. पण तेच वजन, त्याच हालचाली वर्षानुवर्षं करत राहिलं की स्नायूंना त्यात नवीन काही उरत नाही. स्नायू वाढायला वजन हळूहळू वाढवत जावं लागतं.

जिमला जायला जमत असेल तर जरूर जा. नसेल तर घरातली एक भक्कम खुर्ची, पाण्याच्या दोन लिटरभर बाटल्या, एक कापडी पिशवी आणि स्वयंपाकाचा ओटा एवढं पुरे. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस धरा, मध्ये अंतर राहील असे. साडी किंवा गाऊन नको, पायजमा-कुर्ता घाला. पाय घसरणार नाहीत असं बघा. फरशीवर मोजे घालून करू नका.

पहिला व्यायाम खुर्चीवरून उठ-बस. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हा सोडायचा नाही. कमोडवरून उठणं, बसमधून उतरणं, पंगतीत बसून परत उभं राहणं, सगळं याच स्नायूंवर चालतं. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे मागे सरकणार नाही. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. दोन पावलांमध्ये वीतभर अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता छाती पुढे झुकवा, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि टाचांवर जोर देऊन उठा. गुडघे आत वळत असतील तर ते बाहेरच्या बाजूला रोखून धरा. खाली येताना धपकन बसू नका, मनात एक-दोन-तीन म्हणत या. खाली येण्याच्या त्या तीन आकड्यांत मांड्या खऱ्या कामाला लागतात. आठ वेळा करा, दोन मिनिटं थांबा, परत आठ. गुडघ्यांना जड जात असेल तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवा, किंवा सुरुवातीला मांड्यांवर हात टेकून उठा. पंधरवड्याने उशी काढा.

दुसरा, भिंतीवरचे दंड. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि ढकलून परत या. शरीर टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ. सोपं वाटायला लागलं की भिंतीऐवजी ओटा.

तिसरा, ओढण्याचा. आपण दिवसभर पुढे वाकून लाटतो, चिरतो, मोबाइल बघतो. पाठीला ओढायचं काम फार कमी पडतं. कापडी पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ भरा. डावा हात टेबलावर टेकवा, पाठ सपाट ठेवून पुढे झुका आणि उजव्या हाताने पिशवी सरळ वर ओढा, कोपर बरगडीला घासून मागे जाऊ दे. मग हात बदला.

चौथा, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर, आणि नितंब आवळून कंबर उचलायची. वर तीन सेकंद थांबून खाली. कंबरदुखी असलेल्यांना हा बहुतेक वेळा मानवतो.

पाचवा म्हणजे ओट्याला धरून टाचा उचलणं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत रोज करता येतो, त्याला वेगळा वार लागत नाही. त्याच वेळी एका पायावर दहा सेकंद उभं राहायचा सराव करा, बोट ओट्यापासून दोन इंचावर ठेवून. तोल हीसुद्धा ताकदच आहे, आणि या वयानंतर मनगट किंवा खुबा मोडतो तो पडल्यामुळे.

सगळे व्यायाम आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. पहिले दोन आठवडे एकच फेरी करा. वजन किती घ्यायचं याची खूण अशी: शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले पाहिजेत, पण ढंग बिघडता कामा नये. बारा वेळा आरामात व्हायला लागलं की वजन वाढवा. पिशवीत अर्धा किलो तांदूळ आणखी, उठ-बस करताना छातीशी पाण्याची बाटली, मग पाच किलोची आट्याची पिशवी. तीन महिन्यांनी डंबेल्सची एक जोडी विकत घेण्याइतकी तयारी झालेली असते. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून ठेवला की रक्तदाब चढतो.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. जिना उतरताना कळेल, दोन दिवसांत थांबेल. सांध्यात टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवा. हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक गोष्ट योगासनं करणाऱ्यांसाठी. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठीची कमान करून पुढे वाकणं टाळा: पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, झोपून पोटाने उठण्याचे प्रकार. मणक्यांवर दाब येऊन त्यात बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. सूर्यनमस्कारातही असं वाकणं आहे, तेव्हा रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात ईर्ष्येने उतरण्याआधी आपल्या हाडांचा रिपोर्ट आठवा. भुजंगासन, सेतुबंधासन, वीरभद्रासन यांसारखी आसनं बऱ्याच जणींना चालतात, तरी शिकवणाऱ्याला आपलं निदान आधी सांगा.

खोकताना, शिंकताना किंवा उठ-बस करताना लघवीचा थेंब गळतो म्हणून व्यायाम सोडणाऱ्या बायका कमी नाहीत, फक्त बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाले की असं होतं आणि व्यायामाने ते पुष्कळ सुधारतं. वायू आणि लघवी एकदम रोखून धरतो तसं आवळा, पाच सेकंद धरा, पाच सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, बसमध्ये बसूनही होतं. लघवी करता करता याचा सराव करू नका. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जा.

ताट: आधी आपली वाटी भरून घ्या

आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. तोवर आमटीतली डाळ ताटांत गेलेली असते आणि पातेल्यात वरचं पाणी राहतं. उसळ संपलेली असते, भाजीचा रस असतो, आणि भात मात्र भरपूर. ती भात आणि पातळ वरणाचं पाणी जेवते, वाया जाऊ नये म्हणून मुलांच्या ताटातलं संपवते, आणि एवढं कमी खाऊनही वजन का वाढतं असं विचारते. म्हणून पहिला नियम: स्वयंपाक झाल्या झाल्या पळी तळापर्यंत घालून घट्ट वरणाची किंवा उसळीची एक मोठी वाटी आपल्यासाठी बाजूला काढून झाकून ठेवा. सुरुवातीला अवघड वाटतं. तरीही ठेवा.

प्रथिन किती? वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हा पन्नाशीच्या पुढे चांगला अंदाज आहे. ६५ किलोच्या बाईला ६५ ते ८० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. शाकाहारी ताटात हे जमत नाही असं म्हणतात, पण हिशेब मांडून बघा. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही, इथे १७ ग्रॅम झाले. दुपारी मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी, दोन पोळ्या, छोटी वाटी दही: आणखी २०. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि कपभर दूध: १२. रात्री घट्ट पिठलं आणि दीड ज्वारीची भाकरी: १६. बेरीज ६५. सोयाबीनच्या वड्या घरात चालत असतील तर काम आणखी सोपं. २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिन असतं. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत बांगडा मिळतो तिथे तर प्रश्नच नाही: १०० ग्रॅममध्ये १९-२० ग्रॅम आणि चांगली चरबी. फक्त तळण्याऐवजी तिखलं किंवा कालवण करा, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजा.

सगळ्यात कमकुवत असतो तो सकाळचा नाश्ता. चहा-खारी, चहा-बिस्किटं, नाहीतर पोहे. पोहे सोडायचे नाहीत; थोडे घ्या आणि बरोबर दोन अंडी, वाटीभर मोड आलेले मूग किंवा दही घ्या. सकाळी प्रथिन पोटात गेलं की अकरा वाजताची आणि चार वाजताची खा-खा कमी होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहाराच्या नमुन्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. आपली एक चमचा भाजी आणि तीन पोळ्या हे प्रमाण त्याच्या जवळपासही जात नाही. पोळी एकाने कमी, भाजी दुप्पट, आणि जेवणाआधी काकडी-टोमॅटो-गाजर. कोशिंबिरीत दाण्याचं कूट चमचाभर पुरे. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात आणि आपल्याकडे कूट मुठीने पडतं. तेलाचं म्हणाल तर महिन्याला घरात किती लिटर येतं ते डोक्यांनी भागा. माणशी अर्धा-पाऊण लिटरच्या पुढे जात असेल तर फोडणीच्या पळीकडे बघायला हवं.

कॅल्शियमची गरज पाळी गेल्यावर वाढते, दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम. दूध-दही-ताक, नाचणी, तीळ, राजगिऱ्याची भाजी, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून बरंच मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. भाकरी करा, आंबील करा, पण गूळ घातलेले नाचणीचे लाडू दिवसाला चार खाऊन ते औषध आहे असं समजू नका.

उपासांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेने करणारीने जरूर करावेत. पण 'वजन उतरेल' म्हणून केलेला साबुदाण्याचा उपास उलटा पडतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही; वर तूप, बटाटा आणि कूट. वरीचे तांदूळ आणि दह्याची कढी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, पनीर, फळं, असा उपास करता येतो. दिवसभर उपाशी राहून रात्री भरपेट उपास सोडणं हे या वयाला सगळ्यात महाग पडतं.

मग दोनदा खायचं की दर दोन तासांनी? डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनच वेळा, ५५ मिनिटांत जेवण संपवायची पद्धत आणि ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, घरचं, वेळेवर खाणं, यावरून कुटुंबाच्या ग्रुपवर वाद रंगतात. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेल्या बायका आहेत. तुम्ही कोणतीही निवडा, दोन प्रश्न विचारा: माझं दिवसाचं प्रथिन यात बसतंय का, आणि पाहुणे, लग्नं, प्रवास धरून हे वर्षभर जमेल का? दोनच जेवणांत ६५ ग्रॅम प्रथिन बसवणं शाकाहारी बाईला कठीण जातं, म्हणून मी स्वतः तीन जेवणांच्या बाजूची आहे. मधुमेहाची औषधं चालू असताना जेवणांची संख्या डॉक्टरांना न सांगता कमी करू नका.

चालणं, झोप आणि काट्याची पाळी

चालणं उत्तम आहे, हृदयाला, साखरेला आणि मनालाही. गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, दिवसाला तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एकदम तीस जमत नसतील तर तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते. गुडघे दुखत असतील तर चालणं कमी करून उठ-बस वाढवा, मांड्यांची ताकद गुडघ्याचा भार घेते. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, तेव्हा तीन किलोसुद्धा थोडे नाहीत.

रात्री घामाने जाग येते, मग तासभर झोप नाही, सकाळी पाचला गजर. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोडाकडे हात जातो. सुती कपडे, पायथ्याशी पातळ चादर, दुपारी तीननंतर चहा-कॉफी नाही, आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आत. मालिका संपेपर्यंत जेवण थांबवू नका, जेवून मालिका बघा. वाफा आणि घाम असह्य होत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे हार्मोन उपचारांबद्दल विचारा. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील तर बहुतेक निरोगी बायकांना त्यांचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो; स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. मात्र ते वजन उतरवण्याचं औषध नव्हे.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांचं सध्या फार बोललं जातं. भारतात ती २०२५ पासून याच कामासाठी मिळायला लागली आहेत. ज्यांना खरी गरज आहे त्यांना उपयोग होतो, पण भराभर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणजे ज्या बाईला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय तिला ताकदीचा व्यायाम आणि प्रथिन इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायची ही गोष्ट नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्यांनी फक्त पाणी जातं. आणि बिनलेबलच्या पावडरी, चूर्णं तर हातात धरू नका. अशा गोष्टींत स्टिरॉइड किंवा थायरॉइडची औषधं मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत.

वजनाचं लक्ष्य ठेवायचं असेल तर सहा महिन्यांत आजच्या वजनाच्या पाच टक्के. ७० किलोला साडेतीन किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर तुम्ही कमी जेवताय. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभ्या राहा. महिन्याने टेप आणि खुर्चीची चाचणी परत घ्या. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक वेळा काटा हलत नाही, खुर्चीचा आकडा मात्र वाढतो आणि कंबर एखाद्या सेंटिमीटरने उतरते. तसं झालं तर तुम्ही बरोबर चालला आहात. जेवण आणखी कमी करू नका.

खंड पडणारच. गणपतीचे दहा दिवस, घरातलं लग्न, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं बाळंतपण. त्या काळात फक्त उठ-बस चालू ठेवा, आठ वेळा, जेवणाआधी. पंधरा दिवसांहून जास्त खंड पडला तर परत सुरू करताना पिशवीतलं वजन निम्मं करा, पहिल्या आठवड्यात एकच फेरी घ्या, दुसऱ्या आठवड्यात दोन, आणि तिसऱ्या आठवड्यात जुन्या वजनावर या.